'अत्त दीप भव' : एका बोधवचनाचा उगम आणि अन्वयार्थ

आपल्या विहारांच्या कमानींवर, वाचनालयांच्या फलकांवर आणि धम्मपरिषदांच्या स्मरणिकांवर 'अत्त दीप भव' हे बोधवचन आढळते. हिंदी भाषिक प्रांतांत तेच 'अप्प दीपो भव' असे लिहिले जाते. 'स्वतःच स्वतःचा दिवा हो' हा त्याचा अर्थ आपल्या मनात इतका रुजला आहे की, भगवान बुद्धांनी हे केव्हा, कोठे आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगितले, याची चौकशी सहसा होत नाही. वचन लहान असले म्हणजे ते दूरवर पोहोचते. पण त्या प्रवासात त्यातील काही भाग गळूनही पडतो. प्रस्तुत लेखात आम्ही या वचनाचा मूळ प्रसंग, त्यातील शब्दांचे अर्थ आणि ते आपल्यापर्यंत आले तो मार्ग यांचा विचार करणार आहोत. हा विचार केवळ पंडिती नाही. नेता गेल्यावर अनुयायांनी कोणाच्या आधाराने चालावे, हा प्रश्न या वचनाच्या मुळाशी आहे आणि तो आपल्या समाजापुढेही उभा आहे.

बेलुव येथील प्रश्न

दीघनिकायातील सोळावे सुत्त म्हणजे महापरिनिब्बानसुत्त. भगवंतांच्या आयुष्यातील अखेरच्या महिन्यांचा वृत्तांत त्यात आला आहे. भगवंतांनी शेवटचा वर्षावास वैशालीजवळच्या बेलुव नावाच्या खेड्यात केला. भिक्खूंना त्यांनी वैशालीच्या परिसरात आपापल्या ओळखीच्या ठिकाणी राहण्यास सांगितले. वर्षावासात त्यांना कठीण दुखणे आले. संघाचा निरोप घेतल्यावाचून जाणे उचित नाही, या विचाराने त्यांनी ते दुखणे धैर्याने आवरले. बरे वाटू लागल्यावर ते बाहेर सावलीत येऊन बसले असता आनंद त्यांच्याजवळ आला. भगवंतांच्या आजारामुळे आपल्याला दिशा सुचेनाशा झाल्या होत्या, हे त्याने बोलून दाखविले. आपल्याला एकच दिलासा होता, असेही तो म्हणाला : भिक्खुसंघाविषयी काही सांगितल्याखेरीज भगवंत जाणार नाहीत.

आनंदाच्या या बोलण्यात एक अपेक्षा दडलेली आहे. संघ कोणाच्या हाती सोपवायचा, हे शास्त्याने सांगावे, अशी ती अपेक्षा होय. भगवंतांनी दिलेले उत्तर या अपेक्षेच्या अगदी विरुद्ध जाणारे आहे. संघ माझ्याकडून आता आणखी काय इच्छितो, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. आतले आणि बाहेरचे असा भेद न करता आपण धम्म सांगितला आहे. तथागताच्या ठिकाणी 'आचरियमुट्ठि', म्हणजे गुरूने काही राखून ठेवण्यासाठी मिटलेली मूठ, नाही, असे ते म्हणाले. मी संघाला चालवीन किंवा संघ माझ्यावर अवलंबून आहे, असे तथागताला वाटत नाही, मग त्याने संघासाठी काय म्हणून आज्ञा मागे ठेवावी, हे त्यांचे म्हणणे होते. आपले वय ऐंशी वर्षांचे झाले असून जुना गाडा जसा दोऱ्यापट्ट्यांनी बांधून कसाबसा चालवावा तसे हे शरीर चालले आहे, हेही त्यांनी सांगितले. आणि म्हणूनच, असे म्हणून त्यांनी ते प्रसिद्ध वचन उच्चारले.

त्या वचनाचे मूळ शब्द पाहणे अगत्याचे आहे. 'अत्त दीप भव' ही शब्दरचना या रूपात पालि त्रिपिटकात आढळत नाही. मुळात 'अत्तदीप' आणि 'अत्तसरण' होऊन राहावे, 'अनञ्ञसरण' असावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नये, असे सांगितले आहे. त्याला लागूनच त्याच घडणीचे दुसरे अंग येते : 'धम्मदीप' आणि 'धम्मसरण' होऊन राहावे, दुसऱ्याला शरण जाऊ नये. क्रियापद 'भव' हे नसून 'विहरथ' हे आहे आणि ते अनेकवचनी आहे. संबोधन एकट्या आनंदाला, परंतु आज्ञा अनेकांना, अशी ही रचना आहे. अर्थात भगवंत आनंदाच्या द्वारे सर्व संघाशी बोलत आहेत.

आपल्या प्रचलित बोधवचनात तीन बदल झाले आहेत. अनेकवचनाचे एकवचन झाले. 'राहा' या आचरणवाचक क्रियेच्या जागी 'हो' आले. आणि वचनाचे दुसरे अंग, जे धम्माविषयी आहे, ते गळून गेले. पहिले दोन बदल बोलण्याच्या सोयीचे म्हणता येतील. तिसरा मात्र अर्थालाच हात घालणारा आहे.

हे वचन आणखी कोठे आले आहे?

हे वचन एकदाच उच्चारलेले नाही. संयुत्तनिकायातील सतिपट्ठानसंयुत्तात ते सारिपुत्ताच्या निधनानंतर आले आहे. मगधातील नालक गावी सारिपुत्ताचा अंत झाला आणि चुन्द श्रामणेर त्याचे पात्र व चीवर घेऊन श्रावस्तीस आला. ती वार्ता ऐकून आनंद व्याकूळ झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले की, सारिपुत्त जाताना तुझे शील, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा बरोबर घेऊन गेला काय? आनंदाला 'नाही' म्हणावे लागले. मात्र सारिपुत्त उपदेश करणारा आणि सहब्रह्मचाऱ्यांना साहाय्य करणारा होता, त्याची आठवण होते, असे तो म्हणाला. या संवादाच्या शेवटी भगवंतांनी तेच वचन सांगितले. पुढे वज्जींच्या प्रदेशात, गंगेच्या तीरावरील उक्काचेल येथे, सारिपुत्त व मोग्गल्लान या दोघांवाचून सभा रिती वाटते असे म्हणून भगवंतांनी भिक्खूंना पुन्हा तेच सांगितले.

या प्रसंगांमधील समान धागा स्पष्ट आहे. शास्त्याचे दुखणे, थोर श्रावकाचा मृत्यू, दोन अग्रश्रावकांचे जाणे, अशा वेळी, म्हणजे आधार सुटल्यासारखा वाटतो त्या क्षणी, हे वचन आले आहे.

चौथे स्थळ याहून निराळे आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्ताचा आरंभ आणि शेवट याच वचनाने होतो. मध्ये येणारी कथा राज्यव्यवस्थेची आहे. एक राजा इतर कर्तव्ये पाळतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य वाढत जाते. अशी सामाजिक अधोगतीची कारणपरंपरा सांगणाऱ्या सुत्ताच्या दोन्ही टोकांना 'अत्तदीप' हे वचन ठेवलेले आहे. त्यामुळे हे वचन म्हणजे जगाकडे पाठ फिरवून स्वतःपुरते पाहण्याचा उपदेश आहे, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

दीप म्हणजे दिवा की बेट?

आता 'दीप' या शब्दाकडे वळू. संस्कृतात 'दीप' म्हणजे दिवा आणि 'द्वीप' म्हणजे बेट असे दोन निराळे शब्द आहेत. पालीत 'द्वीप' मधील 'व' लोपून दोन्ही शब्द 'दीप' असेच उच्चारले जातात. सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखात 'जंबुदीपसि' असे रूप आहे. तेथे दिव्याचा काहीच संबंध नाही, तो जंबुद्वीपाचा उल्लेख आहे. सिंहलद्वीपाचा इतिहास सांगणाऱ्या पालि ग्रंथाचे नाव 'दीपवंस' आहे. आपल्याकडे दमणबरोबर ज्याचे नाव घेतले जाते त्या 'दीव' बेटाचे नावही याच शब्दाचे वंशज आहे. तेव्हा 'अत्तदीप' मधील दीप कोणता, हे केवळ उच्चारावरून ठरत नाही. त्यासाठी इतर पुरावे पाहावे लागतात.

पहिला पुरावा संस्कृत पाठाचा आहे. महापरिनिर्वाणसूत्राची संस्कृत हस्तलिखिते मध्य आशियातील तुर्फान येथे सापडली व जर्मन पंडित अर्न्स्ट वाल्डश्मिट यांनी ती संपादित केली. त्यांत या ठिकाणी 'द्वीप' असा स्पष्ट शब्द आहे. दुसरा पुरावा अट्ठकथेचा. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी दीघनिकायावरील 'सुमंगलविलासिनी' या अट्ठकथेत महासमुद्रातील बेटाप्रमाणे स्वतःला आधार करून राहावे, असाच अर्थ दिला आहे. तिसरा पुरावा शब्दांच्या सोबतीचा. संयुत्तनिकायात निब्बानाला जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत दीप, लेण, ताण, सरण हे शब्द एका ओळीने येतात. ताण म्हणजे त्राण, सरण म्हणजे आश्रय. 'लेण' म्हणजे आसऱ्याची जागा. आपल्या मराठीतील 'लेणे' हा तोच शब्द होय आणि नाशिक-कान्हेरीच्या दानलेखांत तो 'लेण' असाच कोरलेला आहे. आसरा देणाऱ्या स्थळांच्या या मालिकेत बेट सहज बसते, दिवा बसत नाही. चौथा पुरावा धम्मपदाचा. त्यातील अप्पमादवग्गाच्या पंचविसाव्या गाथेत शहाण्याने असे 'दीप' निर्माण करावे, जे पुराचा लोंढा बुडवू शकणार नाही, अशा आशयाची कल्पना आहे. लोंढ्यात टिकते ते बेट, दिवा नव्हे.

भगवंत ज्या प्रदेशात पंचेचाळीस वर्षे फिरले तो गंगा आणि गंडक यांच्या पुरांचा प्रदेश आहे. पावसाळ्यात तेथे पाणी पसरले म्हणजे उंचवट्यावरची जागा हीच माणसांची आणि गुराढोरांची आश्रयभूमी होते. वर्षावासात, त्या पाणथळ प्रदेशातील एका खेड्यात बसून उच्चारलेल्या शब्दात बेटाची प्रतिमा असावी, हे स्वाभाविक वाटते. सुत्तपिटकात तृष्णेला, अविद्येला आणि संसाराला 'ओघ', म्हणजे पूर, म्हटले आहे, त्याच्याशीही ती जुळते.

असे असले तरी दिव्याचा अर्थ अलीकडचा किंवा अडाण्यांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. दीर्घागमाचे चिनी भाषांतर इसवी सन 413 मध्ये झाले. त्यात या ठिकाणी पेटण्याचा, उजळण्याचा अर्थ आला आहे. उलट त्यानंतर काही वर्षांनी गुणभद्राने केलेल्या संयुक्तागमाच्या चिनी भाषांतरात बेटाचा अर्थ आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीच दोन्ही अर्थ बौद्ध जगात नांदत होते. जपानमध्ये दिव्याचा अर्थ लोकप्रिय झाला. आधुनिक काळात 1881 साली टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी महापरिनिब्बानसुत्ताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यांनीही दिवा हाच अर्थ घेतला.

मूळ अर्थ बेटाचा, असा आमचा निष्कर्ष आहे. परंतु कमानींवरील अक्षरे पुसावीत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दिवा वाट दाखवितो आणि बेट पायाखाली भूमी देते. दोन्ही अर्थांत परावलंबनाचा निषेध समान आहे. तथापि बेटाचा अर्थ ध्यानात घेतला तर या वचनातील निकड अधिक जाणवते. अंधारात माणूस थांबू शकतो. पुरात मात्र त्याला थांबता येत नाही.

'अत्त' म्हणजे आत्मा नव्हे

दुसरी शंका 'अत्त' या शब्दाविषयी घेतली जाते. ज्या धम्मात आत्म्याचा स्वीकार नाही त्यात आत्म्याला शरण जा असे कसे सांगितले, असा तो आक्षेप आहे. याचे उत्तर आपल्या बोलीतच आहे. मराठीतील 'आपण' आणि 'आपला' हे शब्द संस्कृत 'आत्मन्' पासून प्राकृत 'अप्प', 'अप्पण' यांच्या द्वारे आलेले आहेत. 'आपले काम आपण करावे' असे म्हणणारा शेतकरी आत्म्याच्या अमरत्वाचा सिद्धांत मांडीत नसतो. पालीतील 'अत्त' हा शब्दही अशा ठिकाणी स्ववाचक सर्वनामच असतो. हिंदीतील 'अप्प' हे रूपही या प्राकृत शब्दाचेच होय.

खुद्द सुत्तातही याचा उलगडा आहे. संयुत्तनिकायातील खन्धसंयुत्तात अत्तदीप नावाचेच एक सुत्त आहे. जो अत्तदीप होऊन राहतो त्याने दुःख, शोक, परिदेव कोठून उत्पन्न होतात याचा मुळापासून शोध घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. आणि पुढे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांना 'मी' अथवा 'माझे' मानल्यानेच दुःख उत्पन्न होते, हे दाखविले आहे. म्हणजे अत्तदीपाचे पहिले काम चौकशी करणे हे आहे आणि त्या चौकशीचा शेवट अहंकार गळण्यात आहे.

बेलुव येथेही भगवंत वचन सांगून थांबले नाहीत. अत्तदीप होऊन कसे राहावे, याचे उत्तर त्यांनी लगेच दिले : काया, वेदना, चित्त आणि धम्म यांच्या ठिकाणी उद्योगी, जागरूक आणि स्मृतिमान राहावे. हीच चार सतिपट्ठाने. तेव्हा 'मला वाटते तेच खरे' असा हट्ट म्हणजे अत्तदीपत्व नव्हे. स्वतःला आधार करण्यापूर्वी स्वतःला तपासावे लागते.

आनंदाने राजगृहात दिलेले उत्तर

संघाने हे वचन कसे समजून घेतले, याचा एक ऐतिहासिक स्वरूपाचा दाखला मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लानसुत्तात सुरक्षित आहे. महापरिनिब्बानानंतर फार काळ लोटला नव्हता. आनंद राजगृहात होता. राजा अजातशत्रू प्रद्योताच्या भीतीने नगराची तटबंदी दुरुस्त करवीत होता. त्या वेळी मगधाचा महामात्य वस्सकार याने आनंदाला विचारले की, गौतमाने आपल्यामागे आश्रय म्हणून कोणा भिक्खूची नेमणूक केली आहे काय? आनंद म्हणाला, नाही. मग संघाने तरी कोणाला नेमले आहे काय? त्यालाही उत्तर तेच. तर मग आश्रयावाचून तुमची एकजूट कशी टिकते, असे महामात्याने विचारले. आनंदाने सांगितले की, आम्ही निराश्रित नाही. धम्म हाच आमचा आश्रय आहे. उपोसथाच्या दिवशी एका गावाच्या आधाराने राहणारे सर्व भिक्खू एकत्र जमतात, पातिमोक्खाचे पठण होते, कोणाकडून दोष घडला असेल तर नियमाप्रमाणे त्याचा निर्णय होतो. आमच्याकडून हे कोणी व्यक्ती करवून घेत नाही. धम्म करवून घेतो.

बेलुव येथे ज्याने विचारले तोच राजगृहात उत्तर देत आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. एका राजाचा मंत्री, ज्याला सत्तेचा वारसा म्हणजे एखादी व्यक्ती एवढेच ठाऊक, तो या उत्तराने चकित झाला असल्यास नवल नाही. आणि आनंदाचे उत्तर 'प्रत्येक जण आपापला' असेही नाही. त्यात एकत्र जमणे आहे, नियम आहेत, परस्परांचे दोष दाखविणे आहे. वचनाचे दुसरे अंग, 'धम्मदीप' आणि 'धम्मसरण', प्रत्यक्ष व्यवहारात कसे दिसते, ते या उत्तरात दिसते.

दादर, 1936

महाराष्ट्रातील आपल्या समाजात या वचनाचा स्वर प्रथम घुमला तो धम्मदीक्षेच्या वीस वर्षे आधी. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली होती. त्यानंतर 1936 च्या मे महिन्याच्या अखेरीस दादर येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. त्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध असलेले भाषण केले. धर्मांतराची सर्व बाजूंनी चिकित्सा केल्यावर त्यांनी शेवटी महापरिनिब्बानसुत्तातील आनंदाचा प्रसंग सांगितला. सूर्याप्रमाणे स्वयंप्रकाशी व्हावे, पृथ्वीप्रमाणे परप्रकाशी राहू नये, सत्याला धरून असावे आणि इतर कोणाला शरण जाऊ नये, असा त्या उपदेशाचा आशय त्यांनी मांडला. तुम्ही आपल्या बुद्धीला शरण जा, असे त्यांचे आवाहन होते.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, बाबासाहेबांचा स्वतःचा निर्णय झालेला असूनही त्यांनी तो लोकांवर लादला नाही. निर्णयाची जबाबदारी लोकांच्या हाती दिली आणि ती देताना हे वचन सांगितले. दुसरी, त्यांनी वचनाचे दुसरे अंग गाळले नाही. स्वतःच्या बुद्धीचा आश्रय आणि सत्याचा आश्रय ही दोन्ही त्यांच्या मांडणीत जोडीने येतात. पुढे 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी याच सूत्राचा विस्तार केला आहे. भगवंतांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी स्थान मागितले नाही, उत्तराधिकारी नेमला नाही, धम्म हाच धम्माचा उत्तराधिकारी, हे त्या ग्रंथातील प्रतिपादन बेलुवच्या उत्तराशी थेट जुळते.

आपल्यापुढील प्रश्न

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि 53 दिवसांनी, 6 डिसेंबर रोजी, बाबासाहेब गेले. नवदीक्षित समाजावर जी वेळ आली ती बेलुव आणि श्रावस्ती येथील आनंदावर आलेल्या वेळेसारखीच होती. तेव्हापासून दोन चुकीच्या वाटा आपल्याला खुणावीत आल्या आहेत. एका वाटेवर आपण एखाद्या व्यक्तीत नवा तारणहार शोधतो आणि तिच्या शब्दाला धम्माची जागा देतो. दुसऱ्या वाटेवर प्रत्येक जण स्वतःलाच प्रमाण मानतो आणि एका संस्थेच्या चार संस्था होतात. पहिल्या वाटेने जाणारा वचनाचे पहिले अंग विसरतो. दुसऱ्या वाटेने जाणारा दुसरे. गंमत अशी की, दुसरी वाट धरणारा पुष्कळदा 'अत्त दीप भव' याच वचनाचा दाखला देतो.

मूळ वचन या दोन्ही वाटा बंद करते. कोणावर भार टाकू नका. पण तुमच्या पायाखालची भूमी धम्माची असू द्या. सारिपुत्त गेला तरी शील, समाधी आणि प्रज्ञा मागे उरली होती, ती आनंदाला दाखवून द्यावी लागली. बाबासाहेबांनी मागे ठेवलेले असे पुष्कळ आहे : दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा, धम्मग्रंथ, शिक्षणाच्या संस्था आणि प्रश्न विचारण्याची सवय. ते बरोबर घेऊन कोणी गेलेले नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. ज्या विहारांत 'अत्त दीप भव' ही अक्षरे आहेत, तेथे निदान वर्षावासाच्या काळात एकदा महापरिनिब्बानसुत्तातील बेलुवचा प्रसंग आणि गोपकमोग्गल्लानसुत्त यांचे सामुदायिक वाचन व्हावे, आणि त्यानंतर आपल्या संस्थेचा कारभार त्या कसोटीवर घासून पाहिला जावा. उपोसथाला जमणारे भिक्खू नेमके हेच करीत होते.